मास्तरांना गेलेला निरोप

न्हाव्याच्या दुकानात कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालायची आणि ती ऐकायला बाकावर चार माणसं हटकून बसलेली असायची. निवृत्त मास्तर तर रोजचेच. त्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. ते येत ते न्हाव्याच्या थापा खोडून काढायला. दोघांचं भांडण कित्येक वर्षं सुखाने चाललं होतं.

मग न्हाव्याच्या लेकीने दुकान इंटरनेटवर चढवलं. बाकावरच्या झाडून सगळ्यांचे नंबर त्यात घातले. डाउनलोडची भानगड नाही. कुठल्याही फोनवर पान उघडा, वेळ धरा आणि या. सोय अशी झकास, की लोक ठरल्या वेळी येत, मान खाली घालून केस कापून घेत आणि चालू लागत. थांबायला कुणी उरलंच नाही. मास्तर तेवढे यायचे, मग तेही यायचे बंद झाले.

न्हाव्याला करमेना. शेवटी वाण्याकडून कळलं, मास्तरांना दुकानाचा निरोप गेला होता: ‘आपले केस वाढले असतील. लवकर या!’

न्हाव्याने लेकीला फोन लावला. “अगं, हे काय पाठवलंस मास्तरांना?”

“बाबा, ते आपोआप जातं. कुणाला केस आहेत नि कुणाला नाहीत, त्याला काय माहीत?”

“मला माहीत आहे ना! चांगला माणूस तोडलास.”

“मग तुम्ही लिहा त्यांना. तिथेच लिहायची सोय आहे.”

न्हाव्याने चष्मा चढवला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं: ‘तुमच्यावाचून दुकान खायला उठतं. केसांचं मरू द्या. उद्या पाचला या.’ मग सगळ्यात मोठं बटण दाबलं. निरोप झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना गेला.

दुसऱ्या दिवशी पाचला दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वाणी, टपालवाला, बँकेतला कॅशियर, सगळ्यांचा ऊर भरून आलेला. खरं सांगायची न्हाव्याची छाती होईना.

मास्तर दारातच थांबले. “एवढ्या सगळ्यांवाचून अडलं होतं होय तुमचं? मग चालू द्या.” आणि ते वळले.

न्हावी गर्दीतून मुसंडी मारत धावला. त्याने मास्तरांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती कापड गुंडाळलं. “एकालाच लिहिलं होतं हो,” तो त्यांच्या कानाशी पुटपुटला.

“थाप,” मास्तर म्हणाले, पण उठले नाहीत.

तेवढ्यात एक तरुण फोन नाचवत आत घुसला. “अहो, पाचची वेळ माझी आहे!”

न्हाव्याने मास्तरांच्या टकलावर हवेतच कात्री चालवली. “दिसत नाही का? गिऱ्हाईक बसलंय.”