रातच्या बुढ्याची वाट

इस्टरच्या आधी पाळकसाहेब बाप्तिस्मा मागणाऱ्या एकेकाला आपल्या खोलीत बोलावत आणि नवा जन्म झाला का, तेवढं विचारत. रुखमाबाईची पंचाईत तिथंच होती. तिच्या आत काही झालंच नव्हतं.

बाकीच्यांना झालं होतं. दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर कृष्णकांत तर जागासुद्धा दाखवायचा.

"बुटीबोरीच्या अलीकडं टायर फुटलं. गाडी नाल्यात चालली होती. तिथंच झालो मी नवा."

"अन् गाडी?" रुखमाबाई विचारे.

"ते जुनीच हाये, बाई."

रुखमाबाई कुहीकडच्या धानाच्या मुलखातली. नवरा गेला, दिरानं भांडी अंगणात आणून ठेवली, तेव्हा ती नागपुरात आली आणि मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. एकाहत्तर सालची गोष्ट. बेडपॅन उचलायचे, चादरी बदलायच्या, मेलेलं माणूस धुऊन-पुसून घरच्यांच्या हवाली करायचं. सकाळी वॉर्डात बायबलमधलं शास्त्रवाचन व्हायचं. तेव्हा ही हातात बादली घेऊन दाराशी उभी. वाचणारा वाचायचा, हिचं ध्यान नळाचं पाणी जाईल याकडं.

मग वॉर्डात सुभद्रा नावाची बाई आली. पोटात गोळा. रात्रभर गुरासारखी ओरडायची. पण सकाळी वाचन सुरू झालं की गप्प व्हायची, आणि तापलेल्या मातीत पाणी जिरावं तसं काहीतरी तिच्या तोंडावर जिरताना दिसायचं. ती मेली तेव्हा रुखमाबाईनंच तिला धुतलं. कपाळावर एक आठी नव्हती. रुखमाबाईचा ओला फडका त्या कपाळावर उगाच दोनदा फिरला. हिले जे भेटलं ते मले पाहिजे, असं तिच्या मनानं त्या दिवशी घेतलं, आणि मग ते सुटेना.

भाऊ शालिकराम भेटायला आला होता. त्यानं विचारलं, "बाप्तिस्मा घेतला तं पगार वाढते काय वं?"

"नाही गा."

"मंग काहून?"

तिनं त्याला चहा पाजला आणि कुहीच्या मोटारीत बसवून दिलं.

त्या इस्टरला ती पाळकसाहेबांच्या खोलीत गेली. बाहेर कृष्णकांतनं शिकवून ठेवलं होतं, "हाव म्हणून टाक. आत पाहाले कोण येते?" साहेबांनी तेच विचारलं.

"नाही जी, नाही झाला," रुखमाबाई म्हणाली. "पण व्हावा असं लय वाटते."

साहेब भला माणूस. रागावले नाहीत. एका म्हाताऱ्या शास्त्र्याची गोष्ट त्यांनी सांगितली. लोकांना दिसू नये म्हणून तो रात्रीचा येशूकडं आला होता. पुन्हा जन्मायला हवं, हे ऐकून चक्रावला. म्हातारपणी माणूस जन्मणार कसा, म्हणून विचारत बसला.

रुखमाबाई पुढं सरकली. हे तर तिचंच विचारणं होतं.

"मंग? झाला का त्याचा जन्म?"

"तिथं तेवढंच आहे. पुढं वाचत जा, रुखमाबाई. आणि पुढच्या वर्षी या."

बाहेर आणखी माणसं बसली होती. मले वाचता येत नाही जी, हे सांगायचं तसंच राहिलं.

ती वॉर्डातल्या नर्स पुष्पलता सिस्टरकडं गेली. पुष्पलता जन्माची ख्रिस्ती, पाळण्यापासून शास्त्र ऐकत आलेली, अर्धं तोंडपाठ. दुपारी दोघी कपड्यांच्या खोलीत जखमांवरच्या पट्ट्यांसाठी गाज कापून घड्या घालत. तिथं वाचन सुरू झालं.

"बुढा आला का?" रुखमाबाई मधेच विचारायची.

"नाही वं बाई. आता विहिरीवरची बाई आली हाये."

"बरं. तिचं सांग."

विहिरीवरची बाई झाली. अडतीस वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस झाला. त्याच्यावर रुखमाबाई म्हणाली, "एवढ्या वर्साचा बिमार, अन् पाठीले जखमा किती झाल्या असतील! कोणी कुशीवर वळवत होतं का नाही त्याले?" पुष्पलतेची कात्री थांबली. तो धडा तिनं कितीदा तरी वाचला होता. पाठ कधी दिसली नव्हती.

मग एका दुपारी म्हातारा सापडला. मोठमोठे पुढारी येशूला धरायचं बोलत होते, तेव्हा हा एवढंच म्हणाला, त्याचं ऐकून तरी घ्या. बाकीच्यांनी त्याला टोमणा मारला, तूही त्याच्यातलाच काय? म्हातारा गप्प बसला.

"येवढंच?"

"येवढंच."

"दबला बुढा," रुखमाबाई म्हणाली आणि घडी चुकली म्हणून उलगडत बसली.

त्या रात्री तिला गावचा रोवणा आठवला. पऱ्हा म्हणजे धानाची कोवळी रोपं, एकमेकांना खेटून वाढलेली. ती मुळासकट उपटायची, जुड्या बांधायच्या आणि चिखलात नव्यानं लावायची. लावली की चार दिवस अशा माना टाकतात की पाहणाऱ्याला वाटावं, गेलीच. मग धरतात. पण एखादी जुडी धुऱ्यावरच, बांधावर, राहून गेली, अन् रोवणाऱ्या बाया दुसऱ्या शेतात निघून गेल्या, तर? उपटलेली तर आहे, लावलेली नाही. मुळं उघडी. बुढ्याचं तसंच झालं असावं. आणि आपलं तरी काय वेगळं? माहेर सुटलं, सासर सुटलं, गावचे देव मागं राहिले.

पावसाळा गेला, थंडी गेली. पुष्पलतेला रोज वेळ मिळायचा नाही. वाचन चुकलं की रुखमाबाईचा दिवस आळणी जायचा. आधी ती म्हाताऱ्यासाठी ऐकत होती. मग म्हातारा आला नाही तरी चालायला लागलं.

येशूला खिळ्यांनी ठोकलं त्या दिवशी तिनं पुष्पलतेचा हात धरला.

"त्याचे ते बारा चेले कुठं गेले?"

"पळाले बहुतेक."

"अन् बुढा?"

पुष्पलतेनं पान उलटलं. म्हातारा आला होता. दिवस मावळायच्या आत, लोकांच्या डोळ्यांदेखत, सुगंधी मसाल्याचं भलं मोठं ओझं घेऊन. आणखी एकाला सोबत घेऊन त्यानं ते प्रेत कापडात गुंडाळलं आणि बागेतल्या कबरीत ठेवलं.

"पुन्ना वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मेलेलं अंग किती जड असतं, वळवताना मान कशी सांभाळावी लागते, ते रुखमाबाईचे हात जाणून होते. तो शास्त्री माणूस. त्याच्या घरी पाणी भरायलाही गडी असतील. त्यानं मेल्या माणसाला हात लावला, ते बी काहीच भेटायचं उरलं नव्हतं तेव्हा.

"त्याचा जन्म झाला असं लिहिलं हाये का वं?"

"नाही, बाई."

रुखमाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि घड्या वाफवायच्या ड्रममध्ये भरल्या.

दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या लग्नाची बोलणी निघाली म्हणून पुष्पलता बल्लारशाला गेली. आठ दिवसांचे पंधरा झाले. वॉर्डात सकाळी दुसरंच काही वाचत होते. रुखमाबाई कपड्यांच्या खोलीत एकटीच गाज कापी, आणि तिचा जीव त्या बागेतल्या कबरीपाशी अडकून बसलेला. शेवटी भरदुपारी, बाप्तिस्म्याच्या बोलावण्याची वाट न पाहता, ती पाळकसाहेबांच्या दारात उभी राहिली.

"झाला का, रुखमाबाई?" साहेबांनी हसून विचारलं.

"ठाऊक नाही जी. पयले शास्त्र निस्तं कानावरून जात होतं. आता नाही ऐकलं तं जेवण गोड लागत नाही. याले काय म्हणते ते तुम्ही पाहा."

साहेबांनी बाप्तिस्म्याची वही ओढून तिचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "इस्टरला नेसायला पांढरं लुगडं आहे ना?"

"हाये जी. पण मी त्याच्यासाठी नाही आली."

"मग?"

"बुढ्यानं कबरीत ठेवलं अन् सिस्टर सुट्टीवर गेली. पुढचं वाचाचं राहिलं."

"अहो, दर इस्टरला ऐकता की तुम्ही पुढचं!"

"उभी राहत होती जी. ऐकलं कुठं?"

साहेबांनी चष्मा शोधला. रुखमाबाई उंबऱ्याच्या आत, खाली फरशीवर बसली. पदर सावरला, दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हं," ती म्हणाली, "वाचा जी."