तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाचे खाते

वर्दी उतरवून काही वर्षे झाली, पण त्या मासेमाराच्या मुलीचे प्रकरण आठवले की आजही संताप येतो. तेव्हा मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो.

सकाळची हजेरी आटोपून बाहेर आलो, तर ठाणे अंमलदार एका माणसाला परत पाठवत होता. "पोरीले मोबाईल कायले देता? आधी तो काढून घ्या."

तो माणूस गावतलावात मासे धरणारा. हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या घरी बटनाचाच मोबाईल आहे. पोरीनं खातं उघडलं कशावर?"

मी त्याला आत बसवले. मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली. एका समाजमाध्यमावर तिच्या नावाने, तिचा फोटो लावून खाते चालू होते. फोटोखाली अनोळखी पुरुष वाटेल ते लिहीत. ते मोबाईलवरून गावभर फिरले. खाते तिचेच, असे धरून लोक तिला नावे ठेवू लागले. आठ दिवस ती शाळेत गेली नव्हती. बाप हे सांगताना खाली पाहत होता, जणू गुन्हा त्यानेच केला होता.

गुन्हा नोंदवला. खाते काढण्यासाठी बापाच्या सहीची तक्रार त्याच दिवशी कंपनीला पाठवली. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेली. फोटो पाहून मुलगी म्हणाली, "हा आमच्या गॅदरिंगचा आहे. पण शाळेनं देल्ला त्यात आमी साऱ्या जणी आहो."

खात्यावरच्या फोटोत ती एकटीच होती, जवळून टिपलेली. असा फोटो काढणाऱ्याकडेच असणार.

शाळेने बोलावलेला फोटोग्राफर चौतीस वर्षांचा, गावात मान असलेला. न विचारता खुर्ची ओढून बसला. आधी सगळे नाकारले. पंचांसमक्ष त्याचा संगणक उघडला, तेव्हा आणखी मुलींचे तसेच फोटो निघाले. मग म्हणाला, "फॉलोअर वाढून राहिले होते साहेब."

"ती तेरा वर्षांची आहे, हे माहीत होतं?"

"होतं. मी बावीस टाकलं. कंपनीनं घेतलं. कोणी काही विचारलं नाही."

अशी तोतया खाती तक्रार आल्यावर चोवीस तासांत काढायची, असा तेव्हा नियम होता. कंपनीचे उत्तर आले, की हे खाते आमच्या धोरणाचे उल्लंघन करत नाही. आरोपी कोठडीत आणि खाते चालू! मी घरी जाऊन अटकेची बातमी दिली, तेव्हा मुलगी दाराआडून म्हणाली, "त्याले धरलं, मंग माहा फोटो काहून दिसून राहिला?"

ठाण्यात परतून मी कंपनीला दुसरे पत्र लिहिले.

तिसऱ्या पत्रानंतर, अकराव्या दिवशी खाते बंद झाले. फोटोग्राफरला पुढे शिक्षा झाली. मुलगी मामाच्या गावी राहून शिकली. आपल्या शाळेत ती परत गेलीच नाही.

मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती पडताळावी, असा कायदा आता झाला आहे. तो हवाच होता. पण या प्रकरणाने मला दाखवले, की जो हाताशी सापडतो त्यालाच आपण जाब विचारतो. ठाण्याने बापाला दरडावले, गावाने मुलीला. तेरा वर्षांच्या मुलीला ज्यांनी बिनदिक्कत बावीसची होऊ दिले, त्यांना समोर बसवून एक प्रश्न विचारायची संधी मला मिळाली नाही. आरोपपत्रात मी एकच नाव लिहिले. ते अपुरे आहे, हे सही करताना मला ठाऊक होते.