होईलदादाची घाई

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्याचं गॅरेज आहे त्याला खरं नावही आहे, पण ते त्याच्या आईला सोडून कुणाच्या लक्षात नाही. सगळे त्याला होईलदादा म्हणतात. गाडी कधी मिळेल? "होईल." लग्न कधी? "होईल." आणि चाळिशीत का होईना, तेही झालं. एक नट आवळायला घेतला की तो त्याच्यापाशी असा रेंगाळतो, जणू दोघं एका वर्गात होते.

त्याची थोरली बहीण अगदी उलट. ताई डोंगरावरच्या वस्तीत आईवडिलांजवळ राहते आणि जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप हाकते. वर जाणारा रस्ता म्हणजे ओढ्याने नको म्हणून टाकून दिलेली जागा. दुसरी गाडी तिथे चढतच नाही. ताईचा पाय एकदा ॲक्सिलरेटरवर पडला की तो उचलायला पंचायत बसवावी लागते. परवाच ऐन चढावर मागचा शाफ्ट तुटला. या जुन्या गाड्यांत चाक थेट शाफ्टच्या टोकालाच असतं, त्यामुळे शाफ्ट तुटला की चाकही निघालं. ताईला आरशात एक चाक उतारावरून घरंगळत जाताना दिसलं. "कुठल्या गाढवाचं आहे हे?" असं ती ओरडली, तेवढ्यात जीप तिरकी झाली आणि उत्तर मिळालं.

म्हणून कशीबशी ओढत खाली आणलेल्या जीपला दादाने दोन्ही बाजूंना जाड, कडक पोलादाचे नवे शाफ्ट घालायला घेतले होते. डावीकडचा बसला होता. उजवीकडचा बाकावर होता, आणि ताई डोक्यावर. मी चहा प्यायला म्हणून डोकावलो आणि हातात पक्कड घेऊन अडकलो. तेवढ्यात वरून आईचा फोन आला.

बाबांना जुना हर्निया. आज तो बाहेर आला तो आत जाईना. उलट्या सुरू झाल्या होत्या. डॉक्टर फोनवर म्हणाले, आतडं अडकलंय, ताबडतोब आणा, उशीर झाला तर सडेल.

आणि त्यांना आणणारी एकमेव गाडी मागचं एक चाक नसताना लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर उभी होती.

"जुनाच घाल ना परत!"

"दोन तुकड्यांतला कुठला घालू?"

"मग नवा घाल! बघतोस काय माझ्याकडे?"

मी होईलदादाला त्या दिवशी पहिल्यांदा धावताना पाहिलं. तीन पावलांचं गॅरेज, पण धावला. त्याने बेअरिंग शाफ्टवर ठेवलं आणि प्रेसमध्ये धरून दाबत खाली नेलं. मग लोखंडी कडी शेगडीवर ठेवली. ही कडी बेअरिंगला जागेवर धरते. तापली की ती सैल होते, शाफ्टवरून सरकवायची. गार झाली की अशी आवळते की काढायची तर कापावीच लागते. कडी एकच होती.

"तापली का?"

"तापतेय."

"माझा स्वयंपाक झाला असता एवढ्यात!"

"तुझा स्वयंपाक जळतो, ताई. ही जळून चालणार नाही."

"बाप तिकडे तळमळतोय आणि याला विनोद सुचतायत!"

विनोद नव्हता तो. त्याच्या हनुवटीवरून घाम थेंब थेंब पडत होता. त्याने चिमट्यात कडी धरली आणि शाफ्टच्या टोकावर आणली. त्याच क्षणी पुन्हा आईचा फोन. ताईने बाकावरचा फोन उचलला आणि खाली पाहिलं.

"थांब! ही चकती कसली रे?"

दादाचा हात हवेतच राहिला. शाफ्ट गाडीखालच्या ज्या आडव्या नळीत बसतो, तिच्याशी चार भोकांची ती चकती त्याला बोल्टने जखडते, आणि ती बेअरिंगच्या आधी शाफ्टवर चढवायची असते. आयुष्यभर दुसऱ्यांना याच चुकीवरून हसलेला माणूस तिला फोनखाली ठेवून पुढे गेला होता. कडी सरकली असती तर ती कापायची, आणि दुसरी मिळेपर्यंत बाबा वरच.

फोनमधून आईचा आवाज येत होता, "निघालात का गं?"

"निघतोय," ताई खोटं बोलली. फोन ठेवला आणि भावाच्या समोर एका उलट्या डब्यावर बसली. "आता सावकाश कर. मी बोलत नाही."

आणि ती खरंच बोलली नाही. तिच्यासाठी हे शाफ्ट बदलण्याहून अवघड काम होतं. दादाने बेअरिंग पुलरने उतरवलं, पुन्हा पुन्हा तपासलं, चकती घातली, बेअरिंग दाबलं, कडी पुन्हा तापवून सरकवली. ती टक् करून बसली. तरी गार होईपर्यंत त्याने चारी बाजूंनी डोळा लावून पाहिलं. ताई ओढणीचं टोक चावत होती.

वर जाताना तो मागच्या बाकावर, नेमका उजव्या चाकाच्या वर बसला. मीही मागेच, कारण बाबांना उचलायला माणूस हवा होता. चाक जिथे निखळलं होतं तिथे ताईने पाय इतका हळू दाबला की जीप गोगलगायीसारखी चढली. मागून कर्र असा आवाज आला. दादाने डोळे मिटले.

"काय होतं?"

"दगड. चल."

उतरताना बाबा मागच्या बाकावर आडवे, डोकं लेकाच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ते कण्हत होते आणि प्रत्येक कण्हण्याला ताई काच पुसल्यासारखे डोळे पुसत होती.

दवाखान्यात स्ट्रेचर आत गेलं. बऱ्याच वेळाने नर्स बाहेर आली आणि म्हणाली, वेळेत आलात, आतडं वाचलं. दादा कुठेच दिसेना. तो बाहेर जीपच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसून मधल्या लोखंडाला तळवा लावून होता.

"अरे, बाप आत आहे आणि तू चाकाचा ताप बघतोस?"

"बाबा?"

"वाचले. चाकाचं काय?"

"गार आहे," तो म्हणाला आणि उठायला गेला. पण उठला नाही. तसाच जमिनीवर टेकला.

ताईने त्याला दोन्ही बगलांत हात घालून ओढून पाहिलं, तो हलेना. मग तीच शेजारी धुळीत बसली आणि पदरात, म्हणजे ओढणीत, तोंड खुपसून हुंदके देत म्हणाली, "मेल्या, वजन किती वाढवलंस रे!"