धोंड्याच्या जेवणाआधीचा खेळ

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. माझं लग्न नवं होतं आणि अधिक महिना ऐन वैशाखात आला होता. धोंड्याच्या जेवणासाठी आम्ही परभणीहून माझ्या माहेरी, चारठाण्याला गेलो. लग्नात जावयाचा मान नीट झाला नाही, असं सासरी मला उठता-बसता ऐकवत. आईला ती कसर या एका जेवणात भरून काढायची होती. म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन तिने यांच्याकडे तोंड करून ठेवला.

माझ्या धाकट्या भावाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, औरंगाबादच्या मामेभावांनी खेळून खेळून टाकलेला. पडद्यावर शत्रूची विमानं वाढली की त्याला धाप लागायची, सगळंच रांगत चालायचं. खेळाचा डबा तापला तर चित्र जागच्या जागी थिजायचं. भावाने त्याची नस ओळखली होती. डब्याचं झाकण काढून ठेवायचं आणि विमानांची गर्दी व्हायच्या आत एकेक पाडायचं.

यांनी सहज म्हणून खेळायला घेतला आणि मग सोडेचनात. थोड्या वेळाने चित्र थिजलं. यांनी उठून पंखा स्वतःवरून डब्याकडे वळवला. मग घाम यायला लागला म्हणून शर्ट काढला. नवा जावई, सासऱ्यासमोर बनियनवर! वडील उठून ओसरीत जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवेलागणीला व्होल्टेज उतरलं, टीव्हीवरचं चित्र आक्रसलं.

"स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला सांग," पडद्यावरची नजर न काढता हे मला म्हणाले.

भाऊ म्हणाला, "दाजी, आई अनारसे तळायलीय."

"दोन मिनिटं रे. इतकं जिंकत आणलंय."

मी तोंड उघडायच्या आत आतला दिवा गेला. "खेळू द्या त्यांना," आई आतून म्हणाली, "स्टोचा उजेड हाय की."

मी उठायला हवं होतं. पण हे चिडले तर आईची सगळी मेहनत पाण्यात जाईल, या धाकाने बसून राहिले. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मी हाक मारली.

"काही न्हाई, झारा पडला," आई म्हणाली.

हे जिंकले. खुशीत उठले, हातपाय धुऊन पाटावर बसले. आई ओवाळायला आली. निरांजनाच्या उजेडात तिची बोटं दिसली, तेलाने पोळून लालभडक झालेली, एकावर टपोरा फोड. यांनी ताटात नोट टाकली. त्यांना काही दिसलं नाही.

"जिंकले का जावईबापू?" आईने विचारलं.

"जिंकलो की."

"बरं झालं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "आता तर काही कमी न्हाई ना पडलं, बाई?"