थोडा जलद जॅझ

रंगात आलेली माणसं बोट वर करतात. अक्का खाली करायच्या. तबकडी फिरू लागली, सॅक्सोफोन घुमला, ऐकणाऱ्याचे डोळे मिटू लागले की त्यांची तर्जनी जमिनीकडे वळायची.

"खालचं ऐक की," त्या म्हणायच्या. "वरचं काय, ते कुणालाबी ऐकू येतंय."

खालचं म्हणजे बास. माणसाहून उंच असं ते तंतुवाद्य जॅझमध्ये बहुतेक वेळा मागे उभं असतं आणि सगळ्यांना चालवत असतं. अक्कांच्या मते ज्याला ते ऐकू आलं नाही, त्याला काहीच ऐकू आलं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात अक्कांचं टॉवेलचं घाऊक दुकान होतं. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, हमालांशी दखनी, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत जॅझ. मी तिथे गेलो तो टॉवेलच्या धंद्यावरची बातमी करायला. बोलता बोलता वरून ड्रमवर ब्रश फिरल्याचा आवाज आला. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू असूनही तो वेगळा कळत होता. मी विचारलं. त्या मला वर घेऊन गेल्या, बसवलं, तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकवली आणि विचारलं, "काय ऐकलंस?"

"छान आहे," मी म्हणालो.

"छान म्हणायचं असलं तर खाली दुकानात जाऊन टॉवेलला म्हण. इथं काय ऐकलंस ते सांगायचं."

बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. मी मात्र त्या खोलीत अनेक वर्षं जात राहिलो.

बैठक मागांच्या सुटीच्या दिवशी असायची, कारण त्या दिवशी गल्ली शांत असे. आम्ही चौघे नेमाने येत होतो. अक्का. एक दंतवैद्य, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणत. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे चाचा. आणि मी. नियम अक्कांचे होते. फोन दाराबाहेरच्या टोपलीत. तबकडी आणणाऱ्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. एक बाजू संपेपर्यंत नाव सांगायचं नाही. नाव कळलं की माणूस नाव ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. बाजू संपली की प्रत्येकाने ऐकलेली एक तरी गोष्ट सांगायची, आणि त्यानंतर भांडायला सगळे मोकळे.

आणि आम्ही भांडायचो. ट्रंपेट मोठा की सॅक्सोफोन, यावर डॉक्टर आणि चाचा एकदा तीन आठवडे एकमेकांशी बोलले नव्हते. तरीही बैठकीला दोघेही येत होते आणि सगळं बोलणं अक्कांच्या मार्फत चालू होतं.

"अक्का, यांना सांगा, त्या सॅक्सोफोनवाल्याला श्वास पुरत नाही."

"डॉक्टरसाब को बोलो अक्का, दातां देखते बैठो."

अक्का शेंगापोळीचं ताट मध्ये सरकवायच्या. "खावा की आधी. तोंड भरलेलं असलं की खरं बोलतो माणूस."

हा नाद त्यांना नवऱ्याने लावला. टॉवेलच्या ऑर्डरी मिळवायला ते परदेशी प्रदर्शनांना जात आणि येताना दर वेळी तबकड्या घेऊन येत. "साडी मागितली तर पियानो आणला माणसानं," असं अक्का सांगायच्या. पहिल्यांदा त्यांना तो गोंगाट वाटला. मग एका संध्याकाळी, पियानो, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम अशा चौघांच्या एका तबकडीवर त्यांना खालचं ऐकू आलं. तेव्हापासून ती तबकडी दोघांची झाली. नवरा गेल्यावरही वर्षातून एकदा, त्यांच्या वाढदिवसाला, ती बैठकीत लागायची. त्या दिवशी ती गुंडाळलेली नसायची.

तबकडीयंत्रही नवऱ्यानेच आणलेलं. आल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा रबरी पट्टा तुटला. तसा पट्टा सोलापुरात मिळेना. तेव्हा त्यांनी मागाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातून रबर आणलं, स्वतः कापलं, जोडलं आणि बसवलं. यंत्र चालू झालं आणि पुढे कधीही अडलं नाही. पाहुण्यांना अक्का तबकड्या नंतर दाखवायच्या, आधी तो पट्टा.

आमच्या घोळाची सुरुवात या पट्ट्यापासून होते.

डॉक्टरांनी एका वर्षी स्वतःचं यंत्र घेतलं, नवं कोरं, आणि अक्कांच्या त्या चौघांच्या तबकडीची दुसरी प्रतही मागवली. आठवड्याने बैठकीला आले ते चिडून. "फसवलं मला. तबकडी झोपाळू आहे. सगळे दमल्यासारखे वाजवतात." त्यांनी ती विक्रेत्याला परत पाठवली. दुसरी आली. तीही झोपाळू. तीही परत गेली. विक्रेत्याने फोन करून विचारलं की दोष नेमका काय आहे. डॉक्टर म्हणाले, "जीव नाही हिच्यात. आमच्या सोलापुरात एक आहे, ती येऊन ऐका."

आम्हाला यात नवल वाटलं नाही. फोनवर ऐकलेला जॅझही आम्हाला नेहमी मिळमिळीत वाटत आला होता. तबकडीची गोष्टच वेगळी, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो, आणि नव्या माणसाला तर फारच सांगत होतो. असं सांगणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

तिसरी तबकडी डॉक्टरांनी परत पाठवली नाही. बैठकीला घेऊन आले. अक्कांच्या यंत्रावर लावली. ती धावू लागली. मग डॉक्टरांनी वेष्टनाच्या मागे छापलेली गाण्याची लांबी पाहिली आणि मनगटावरचं घड्याळ. गाणं छापलेल्या वेळेच्या बरंच आधी संपलं.

कारण साधं होतं. मागाच्या रबराचा तो पट्टा मूळ पट्ट्याहून जाड होता. मोटरच्या छोट्या चाकावर तो बसला की चाक तेवढं मोठं झाल्यासारखं व्हायचं आणि तबकडी जरा जास्त वेगाने फिरायची. वेग वाढला की सूरही चढतो. इतकी वर्षं आम्ही जो जॅझ ऐकत होतो, ज्यावर भांडत होतो, तो त्या खोलीबाहेर कुठेही वाजत नव्हता.

चाचांनी कपाळावर हात मारला. "हौ! मैं घर को जाके बजाता था तो सुरच नई लगता था. मेरे को लगा, उनके देस में सुर वैसाच होंगा!"

आम्ही खूप हसलो. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी यंत्र बंद केलं, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात बैठक झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टरांनी योग्य मापाचा पट्टा मागवून अक्कांच्या हाती दिला होता. तो पाकिटातच होता. मी दुकानात गेलो तेव्हा ते पाकीट गल्ल्याशेजारी ठेवलेलं दिसलं.

तिथेच दोन पक्ष पडले. डॉक्टर म्हणाले, "वाजवणाऱ्यानं जसं वाजवलं तसं ऐकायला नको का?" चाचा म्हणाले, "नक्को बदलो अक्का. ये अपना सोलापुरी जॅझ है. दुनिया में दुसरा नई मिलता." दोघांचंही बरोबर होतं, आणि अडचण तीच होती. जुना पट्टा नवऱ्याने कापलेला. ज्या आवाजात त्या नवरा-बायकोने ती तबकडी ऐकली, तो आवाज त्या पट्ट्याचा. तो काढला की तो आवाज पुन्हा मिळणार होता का, याची खात्री नव्हती. इतक्या वर्षांचं ताणलेलं रबर काढताना तुटण्याचीच शक्यता जास्त होती. दुसरीकडे, काय ऐकलंस ते खरं सांग, असं आयुष्यभर सगळ्यांना बजावणाऱ्याही त्याच होत्या.

"अक्का, काय ठरवलंत?" मी विचारलं.

"तू बातमीदार हायस ना? मग ठरल्यावर ये," त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "या. लगेच या. सगळे या." माग चालू असलेला दिवस होता. डॉक्टर दवाखान्यात एका रोग्याला थांबवून आले. चाचा बँडच्या लाल कोटातच आले. त्यांना पुढे वरातीला जायचं होतं.

जुना पट्टा अक्कांनी स्वतःच काढला होता. तो तुटला होता. नवा बसवलेला होता. त्यांनी ती चौघांची तबकडी लावली आणि खिडक्या बंद केल्या.

पियानो सुरू झाला. ओळखीचा होता आणि नव्हताही. सॅक्सोफोन आला, खालच्या सुरात, जाड आवाजात, घाई नसलेला. मग ती जागा आली जिथे बाकीचे तिघे थांबतात आणि बास एकटाच चालत राहतो. आम्ही कुणीच तबकडीकडे पाहत नव्हतो; अक्कांकडे पाहत होतो. बासच्या तारेवरून सरकणारं बोट ऐकू येत होतं. एका स्वरानंतर दुसरा येण्याआधी वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू आला. तो आम्ही आधी कधीही ऐकला नव्हता.

"अय्यो," अक्का हळूच म्हणाल्या. "एवढी जागा होती की हो इथं. आम्ही दोघं पळत गेलो इथनं."

बाजू संपली. अक्कांनी पदराने डोळे पुसले आणि एकदम उठून उभ्या राहिल्या.

"ते असते तर म्हटले असते, पहिलंच बरं होतं. लई भांडलो असतो आम्ही." मग त्या भिंतीजवळच्या कपाटाकडे वळल्या. वरपासून खालपर्यंत तबकड्या. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "अरे, म्हणजे ह्यातली एकबी ऐकलेली न्हाय आपण! एकबी न्हाय! सगळ्या नव्या की रे!"

चाचांची वरात त्या दिवशी त्यांच्याशिवाय निघाली.

त्यानंतरचे महिने मी पाहिलेल्या कोणत्याही निवडणुकीपेक्षा जास्त धामधुमीचे होते. बैठक आठवड्यातून तीनदा होऊ लागली. शेजारच्या मागवाल्याशी बोलून अक्कांनी दुपारची एक वेळ शांत करून घेतली. बदल्यात त्याला काय दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. कपाटाच्या पहिल्या तबकडीपासून सुरुवात झाली. टॉवेलच्या खोक्याचा एक पुठ्ठा त्यांनी तबकड्यांच्या रांगेत उभा खोचला. त्याच्या डावीकडच्या खऱ्या वेगाने ऐकून झालेल्या, उजवीकडच्या राहिलेल्या.

आमची सगळी जुनी मतं कोसळली. ज्या ड्रमरला आम्ही वीज म्हणत होतो तो चांगला, शांत माणूस निघाला. कंटाळवाणी म्हणून मागे टाकलेली एक तबकडी इतकी भारदस्त झाली की डॉक्टरांनी तिची चाचांसमोर माफी मागितली. ज्या गायिकेला आम्ही विशीतली समजत आलो होतो ती एका दुपारीत चाळिशीची झाली.

"मोठी झाली बाई," अक्का म्हणाल्या. "आता कळलं ती कुणावर रुसलीय ते. एवढ्या लहान पोरीला एवढं दुःख कुठलं, मला वाटायचंच की."

चाचा आता क्लॅरिनेट घेऊन यायचे आणि बाजू संपली की तीच सुरावट वाजवून दाखवायचे. ती लागायची. प्रत्येक वेळी लागायची, आणि प्रत्येक वेळी ते आमच्याकडे असे पाहायचे जणू ती त्यांनीच रचली आहे.

अक्का गेल्या तेव्हा पुठ्ठा मधल्या कप्प्यापर्यंत आला होता. आजार थोड्याच दिवसांचा होता. दवाखान्यात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: पुढची कोणती आहे? मी पाहिलं नव्हतं. "बघून ये," त्या म्हणाल्या. मी पाहून आलो तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. तरी मी सांगितली.

दुकान आता त्यांची सून चालवते. पहिल्या महिन्यात आम्ही कुणीच गेलो नाही. मग तिनेच निरोप धाडला की खोली झाडून ठेवली आहे, आणि अत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, तबकड्या तिला एकटीला लावता येत नाहीत.

आम्ही पुन्हा बसू लागलो. ऐकून झालं की डॉक्टर उठतात आणि पुठ्ठा एक जागा उजवीकडे सरकवतात. गेल्या पावसाळ्यात पाहिलं, तर उजवीकडे ऐकायला बोटभरच तबकड्या उरल्या होत्या. त्या दिवशी एक बाजू संपली. दुसरी लावायला डॉक्टरांनी हात पुढे केला.

चाचांनी तो मध्येच धरला. "आज इत्तीच बस, डॉक्टरसाब."

तेव्हापासून आम्ही एका बैठकीत एकच बाजू ऐकतो.