खंडेनवमीची एकच रेघ

कापूरहोळच्या फाट्यावर हनुमंतच्या पंक्चरच्या दुकानाच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथे रत्ना लेझर जुळवते. पाली गावची पोर, पण इन्फ्रारेड म्हणजे काय असं तिला विचारलंत, तर तुमची एसटी चुकलीच म्हणून समजा.

सध्या मात्र तिची बोलती बंद होती. शेडच्या मालकीण शुभाताई भोरच्या. त्यांचा नवा लेझर हवेतला एक वायू ओळखणार होता, आणि त्यासाठी त्यातून एकच तरंगलांबी निघायला हवी होती. आतला स्फटिक पडला हौशी, तो एकदम दोन-तीन देतो. वाटेत काचेची पातळ चकती तिरकी बसवली की हवी तेवढीच सुटते. रत्नाने चकती केसभर इकडे, केसभर तिकडे करून पाहिली. एका तरंगलांबीची पडद्यावर एक रेघ. ती उभी राहायची, हिने हुश्श करावं, तोवर शेजारी दुसरी हजर! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार होतं. तेव्हा रेघ टिकली नाही, तर काम हैदराबादच्या कंपनीला जाणार आणि पोटासाठी कामामागे रत्नाही. पालीत आई एकटी.

खंडेनवमीला फाट्यावरची सगळी हत्यारं विसावली. पाने, जॅक, सगळ्यांना झेंडूच्या माळा. रत्नाची आई, बाळाबाई, मुद्दाम पूजेचं ताट घेऊन आली. दार उघडून बघतात तो लेझर चालूच! काल एसटी गाठायच्या घाईत रत्ना तो बंद करायलाच विसरली होती.

“अगं, आज तरी त्याला इसावा दे! सणाचं बी राबवतीस व्हय?”

“चुकलं, आये,” म्हणत रत्ना बटणाकडे धावली आणि थबकली. पडद्यावर एकच रेघ, अगदी स्थिर. तेवढ्यात बाळाबाईने पेटीला हळदकुंकू लावून उंबऱ्यावर नारळ आपटला. शेजारी दुसरी रेघ उमटली, आणि गेली.

“आये, परत फोड!”

“येडी का काय? एकच आणलाय!”

पण रत्नाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. चकती बिचारी निर्दोष होती. भिंतीपलीकडचा हनुमंतचा हवा भरायचा कंप्रेसर आज पूजेला बसला होता! रोजच्या त्या धडधडीला कान इतके सरावले होते, की तिचा हादरा लेझरला बसत असेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

रत्नाने हे सांगितलं, तसा हनुमंत पोट धरून हसला. “ताई, माजं मशीन तुमच्या काचंला नाचवतंय व्हय?” दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर त्याने ते धूड अंगणाच्या पार टोकाला नेलं आणि जुन्या टायरांवर बसवलं.

गिऱ्हाईक आलं, तेव्हा कंप्रेसर जोरात चालू होता आणि रेघ एकच होती. संध्याकाळपर्यंत ती हलली नाही. शुभाताईंनी रत्नाला मिठीच मारली. काम कापूरहोळलाच राहिलं.

रत्नाने घरी फोन लावला. “आये, म्या कुठं बी जात न्हाई!”

पलीकडून बाळाबाई हसू दाबत म्हणाली, “बरं झालं. हैद्राबादला न्यायला लोणच्याची बरणी बांधून ठिवली हुती. सोडते आता.”