बोक्यावर आलेला आळ

आमच्याकडे दोन मांजरं होती, एकाच वेताची. बाबा झाशीच्या रेल्वे कारखान्यात कामाला होते. तिथे भंगारामागे ती सापडली आणि डब्याच्या पिशवीतून घरी आली. एक बोका, एक भाटी. मांजरीला भाटी म्हणायचं ही आईच्या माहेरची सवय. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत तो शब्द दुसऱ्या कुणाला कळत नसे.

दोघं एकाच ताटलीत दूध पीत, पण स्वभाव दोन टोकांचे. बोका लोचट. कुणीही बसलं की हा मांडीवर. पोस्टमनच्या पायाशीसुद्धा लोळण घेई. मात्र मधूनच दोन-दोन दिवस गायब होई आणि कान फाडून घेऊन परत येई. भाटीने घर कधी सोडलं नाही, पण तिला उचललेलं खपत नसे. लहर आली तर आईजवळ बसे, तेही हातभर अंतर ठेवून. मला बोकाच आवडायचा.

उन्हाळ्यात भाटी व्याली. मागच्या खोलीत, ट्रंकेच्या आडोशाला, तीन पिल्लं. बोका नेहमीसारखा डोकावायला गेला तर तिने नाकावर असा पंजा मारला की रक्त आलं. तो उंबऱ्याबाहेर जाऊन बसला आणि तिथूनच आत बघत राहिला. तासन्‌तास.

शेजारच्या चाचीजींनी ते पाहिलं. म्हणाल्या, "भाभीजी, इसको हटाइए. बिल्ला बच्चों को नहीं छोड़ता."

आईने ते बाबांच्या कानावर घातलं. "हा झुरळाला घाबरतो," बाबा म्हणाले. पण त्या दिवसापासून कारखान्यातून आल्यावर तेही आधी ट्रंकेमागे वाकून बघत.

एका दुपारी आई बडा बाजारात गेली. जाताना बजावलं, "मागची खिडकी उघडू नकोस. बाहेर मोकाट बोके फिरतात." मी अकरा वर्षांची होते. खोली भट्टीसारखी तापली होती. मी खिडकी उघडली, थोडा वेळ तिथे बसले आणि मग तशीच टाकून चाचीजींच्या मुलीकडे सागरगोटे खेळायला गेले.

परत आले तेव्हा घरातून गुरगुर ऐकू येत होती. एक पिल्लू खोलीच्या मधोमध पडलं होतं, मान मोडलेलं. भाटी त्याच्यावर अंग फुगवून उभी. कोपऱ्यात आमचा बोका, शेपटी फुलवलेली. मी काय केलं, तर आधी खिडकी लावून घेतली. रडणं नंतर आलं.

आईने आल्या आल्या विचारलं, "खिडकी उघडली होतीस?"

"नाही."

"मग हा आत होता?"

मी बोक्याकडे बघितलं. "हो," म्हटलं.

संध्याकाळी बाबांनी ते ऐकलं आणि पिशवी उघडी धरली. बोका आपणहून आत शिरला. सायकलीला पिशवी अडकवून बाबा बिजौलीकडे गेले, तिथल्या कारखान्यांच्या शेडमध्ये त्याला सोडून दिवेलागणीला परत आले. जेवताना त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही.

पुढचे तीन दिवस मी जाता-येता ती खिडकी लागलेली आहे ना, ते बघे. झोपेतही मला खिडकीची कडी वाजल्यासारखी वाटे.

चौथ्या दिवशी सकाळी आईने मागची खोली झाडायला म्हणून खिडकी उघडली. तेवढ्यात गजांमधून एका मोठ्या काळ्या बोक्याचं डोकं आत आलं. आम्ही काही करायच्या आत भाटीने झेप घेतली आणि त्याच्या तोंडाला लटकली. तो किंचाळत मागे पडला आणि पळाला. खिडकीच्या चौकटीवर रक्त होतं. आईने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी उघडी होती," मी म्हणाले.

"हे बाबांना तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

बाबा बुटाची नाडी सोडत होते तेव्हा मी सांगितलं. त्यांनी नाडी पुन्हा बांधली. "चल," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी तो सापडला नाही. पुढच्या रविवारीही नाही. प्रत्येक नाल्यात मी मेलेलं मांजर शोधत होते आणि दिसू नये म्हणून डोळे मिटत होते. तिसऱ्या रविवारी एका लहानशा कारखान्याच्या फाटकाशी चौकीदाराच्या खाटेवर तो पसरलेला दिसला. चांगला जाड झाला होता.

"ये तो अपने आप आ गया, बाबूजी," चौकीदार म्हणाला. "जो बैठे, उसी की गोद में चढ़ जाता है."

बाबांनी हाक मारली. तो आला, बाबांच्या पायाला अंग घासलं, माझ्याही. मी खाली बसले तर मांडीवर चढला. मग बाबांनी पिशवी काढली. त्याने ती हुंगली आणि टुणकन उडी मारून खाटेखाली गेला. मी त्याला ओढून काढायला वाकले, तर बाबांनी माझा खांदा धरला.

"भैया, इसे आप ही रखिए," ते चौकीदाराला म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी मागे कॅरिअरवर बसले होते. मी विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"रागावलो होतो," बाबा पुढे बघतच म्हणाले. "पण तू एक शब्द बोललीस आणि मी दुसरा प्रश्नही विचारला नाही. बोका म्हटल्यावर मला तेवढं पुरलं."

घरी आलो तेव्हा उरलेली दोन पिल्लं ट्रंकेमागून बाहेर येऊन चालायला शिकत होती. भाटीने आम्हां दोघांचे पाय हुंगले, बोक्याचा वास ओळखीचा वाटला असावा, आणि दारापाशी जाऊन बाहेर बघत बसली. आईने तिला दोनदा हाक मारली तरी ती आत आली नाही.